तूट गेली कुठे? कोकण रेल्वेच्या हिशेबाचं एक प्रकरण

रोह्यापासून रूळ मोजत आलात तर रत्नागिरी दोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. भाडं काढताना मात्र तेच अंतर २८० धरलं जातं. मधले ८० किलोमीटर कुठल्याच नकाशावर नाहीत. त्यांच्यावर कोणी खडी टाकली नाही, त्यांच्यासाठी कोणाचं कलमाचं झाड तोडलं नाही. तरी त्यांचे पैसे आपण पाव शतकाहून जास्त काळ भरतोय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सार्वजनिक वित्त शिकवतो. 'राजकोषीय तूट' हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की मागच्या बाकांवरचे डोळे जड होतात. त्यात तास दुपारचा आणि मोसम फणसाचा असेल तर विचारूच नका. म्हणून काही वर्षांपासून मी व्याख्येने सुरुवात करणं सोडलं आणि या ८० किलोमीटरने करू लागलो. 'सरकारने खर्च आवरला' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय आवरलं जातं, हे समजायला कोकण रेल्वेसारखं प्रकरण नाही. घरचं आहे, सगळ्यांच्या अंगाखांद्यावरून गेलेलं आहे, आणि त्याचा शेवट अजून व्हायचा आहे.

चावी आपल्या माणसाकडे, तिजोरी रिकामी

कोकणात रेल्वे हवी ही मागणी जुनी. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै ती संसदेत मांडत राहिले. १९७१ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी मधू दंडवते आले. १९७७ ते ७९ या काळात दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते. तरी रूळ आपल्या चालीनेच सरकत होते. पनवेलला गाडी साठच्या दशकात आली, आणि तिथून जेमतेम ७५ किलोमीटरवरचं रोहा गाठायला १९८६ उजाडलं. त्या चालीने मंगळूर यायला आणखी दोनशे वर्षं लागली असती. हा हिशेब वर्गात कोणीतरी मोबाइलवर करतोच आणि पहिला हशा तिथे पिकतो.

इतका वेळ का लागायचा, याचं कारण साधं होतं. रेल्वेच्या अर्थसंकल्पात नव्या मार्गांसाठी पैसा थोडा आणि मागणारे पुष्कळ. मग पंगतीत वरण कमी पडल्यावर वाढपी जे करतो तेच व्हायचं : प्रत्येकाच्या पानात चमचाभर. कोणी उपाशी उठला नाही असं सांगता येतं, पोट मात्र कोणाचंच भरत नाही. अर्धवट पडलेल्या मार्गावर पैसा अडकून राहतो, दरवर्षी सिमेंट-लोखंड महागतं आणि एकूण खर्च वाढत जातो. काटकसरीचा हा सर्वांत महाग प्रकार. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण ज्यांनी २०११ पासून गाडीच्या खिडकीतून पाहिलंय त्यांना वेगळं उदाहरण द्यायला नको.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधू दंडवते. राजापूरचा खासदार देशाचा अर्थमंत्री! कोकणी माणसाला वाटलं, झालं काम, तिजोरीची चावी आता आपल्याच माणसाच्या कमरेला आहे. चावी होती खरी. आत काय होतं ते बघा. १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज काढून भरायचा खड्डा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांवर गेली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तेल भडकलं. पुढच्या वर्षी, तोवर हे सरकार जाऊनही झालं होतं, परकीय चलन इतकं आटलं की मे १९९१ मध्ये २० टन सोनं स्वित्झर्लंडला आणि जुलैत आणखी सुमारे ४७ टन लंडनला पाठवून देशाला पैसे उभे करावे लागले. अशा दिवसांत शेकडो कोटी काढून सह्याद्रीच्या पायथ्याशी बोगदे खणायचे म्हणजे, घरात तांदूळ संपत आलेला असताना माडी बांधायला काढण्यासारखं होतं.

माडी बांधली, पण दुसऱ्याच्या नावावर

तोड निघाली ती अशी. रेल्वेने हा मार्ग स्वतः बांधायचाच नाही. एक वेगळी कंपनी काढायची, तिने बांधायचा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. भांडवल ८०० कोटींचं ठरलं. त्यात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. म्हणजे रेल्वेचे ४०८ कोटी, आपल्या राज्याचे १७६. उरलेला पैसा कंपनीने बाजारातून रोखे काढून उभा करायचा. गाड्या चालवून कर्ज फेडायचं आणि मग मार्ग भारतीय रेल्वेच्या हवाली करायचा. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हे शब्द पुढे महामार्गांमुळे पेपरात रोज येऊ लागले. आपल्याकडे ते रुळांवरून आधी आले.

केरळच्या सहा टक्क्यांवर मी नेहमी थोडा थांबतो. कोकण रेल्वेचा रूळ मंगळूरजवळच्या ठोकूरला संपतो. केरळात तिचा एक मीटरही नाही. तरी केरळाने ४८ कोटी घातले, कारण मुंबईत राहणाऱ्या मल्याळी माणसाचा गावचा रस्ता त्यामुळे कित्येक तासांनी कमी होणार होता. मार्ग जिथून जातो तिथलाच लाभार्थी, असं नसतं. वर्गातली एखादी मुलगी लगेच विचारते, "मग घाटावरच्या जिल्ह्यांनी का नाही घातले?" प्रश्न चांगला आहे, उत्तर मला द्यावं लागत नाही. महाराष्ट्राचे १७६ कोटी ज्या तिजोरीतून गेले, तिच्यात सगळ्याच जिल्ह्यांचा कर येतो.

आता हिशेबाची गंमत. राजकोषीय तूट म्हणजे, सरकारचा एकूण खर्च वजा कर्जाखेरीजची सगळी जमा. सरकारने कर्ज काढून रेल्वे बांधली असती तर ते कर्ज तुटीत दिसलं असतं. कंपनीने रोखे काढले की ते कंपनीचं कर्ज. अर्थसंकल्पात उमटतो तो फक्त भाग-भांडवलाचा हप्ता. प्रकल्प पूर्ण होईपर्यंत एकूण खर्च सुमारे साडेतीन हजार कोटींवर गेला. त्यातले ८०० कोटी बाजूला काढा. बाकीचे बहुतेक सगळे कर्जाचे, आणि ते केंद्राच्या तुटीच्या आकड्याबाहेर. घरातला कर्ता पुरुष छातीठोकपणे सांगतो, "माझ्या डोक्यावर एक पैसा कर्ज नाही." खरंच आहे. सोसायटीचं कर्ज थोरल्या मुलाच्या नावावर आहे, आणि सोसायटीने ते दिलंय ते बापाकडे बघून. रोखे घेणारा तरी कोणाकडे बघून घेतो? परशुराम घाटाच्या पलीकडे कधी गाडी गेलेली नसताना तिच्या भाड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मागे सरकार उभं आहे, एवढं त्याला पुरतं.

हे कोणी लपूनछपून केलं नव्हतं. सगळं जाहीर होतं. त्या पेचात यापेक्षा चांगला मार्ग मला तरी सुचत नाही. पंगतीतला वाढपी बाजूला करून एका पानात पूर्ण जेवण वाढायची ती युक्ती होती. रोह्याला १५ सप्टेंबर १९९० रोजी पायाभरणी झाली आणि रेल्वेतून निवृत्त होत असलेल्या ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवलं गेलं. सुमारे ७४० किलोमीटर, ९१ बोगदे, लहान-मोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, त्याच्याखालून जाताना आजही मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. आणि हे सगळं साडेसात वर्षांत. इकडे दंडवते १९९१ ची निवडणूक राजापुरातून हरले. कोकणी मतदार आपल्या माणसाशी असाच वागतो, त्यावर वेगळा लेख होईल.

व्याजाला सुट्टी नसते

पाच वर्षांत होणारं काम साडेसात वर्षांवर गेलं. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून वाद पेटला आणि काम अडलं. पेडण्याच्या बोगद्यात खडकाऐवजी पाण्याने भिजलेली माती निघाली. खणावं तेवढं वरून खाली येई. जेमतेम दीड किलोमीटरच्या त्या बोगद्याने वर्षानुवर्षं खाल्ली, माणसंही खाल्ली. शेवटी २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला.

अर्थसंकल्पातून बांधलेला मार्ग तीन वर्षं उशिरा झाला तर गैरसोय होते. कर्जातून बांधलेला उशिरा झाला तर त्या तीन वर्षांचं व्याजही मुद्दलात जाऊन बसतं, आणि पुढे त्याच्यावरही व्याज चढतं. फळ्यावर मी एक लहानसं गणित मांडतो. समजा १०० रुपये १२ टक्क्यांनी घेतले आणि धंद्यातून व्याजापुरते १२ सुटण्याऐवजी सहाच सुटले. कमी पडतील ते दरवर्षी त्याच व्याजाने नव्याने उसने घ्यायचे. सहा वर्षांनी डोक्यावर १०० नाही, जवळपास १४९ असतात, आणि आपण एक पैशाचीही नवी वस्तू विकत घेतलेली नसते.

कोकण रेल्वेचं पुढे साधारण असंच झालं. प्रवासी धोधो आले. मालवाहतूक अपेक्षेइतकी आली नाही. रेल्वे जगते ती मालगाडीवर, प्रवासी गाडी बहुतेक ठिकाणी आतबट्ट्याचीच. कोकणात मालगाड्या भरतील एवढा अवजड माल थोडा. आंबा आहे, पण तो दीड-दोन महिन्यांचा पाहुणा, आणि बागायतदार पेटी टेम्पोत घालून रातोरात वाशीला पोचवतो. कंपनीने डोकं चालवलं. १९९९ मध्ये भरलेले ट्रकच वॅगनवर चढवून कोलाड ते वेर्णा न्यायला सुरुवात केली. ती रो-रो सेवा टिकली. काही प्रयोग फसले. मडगावला अधांतरी धावणाऱ्या स्कायबसची चाचणी सुरू केली, २००४ मध्ये त्यात अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, आणि वर्षानुवर्षं ते सांगाडे तिथे उभे राहिले. कर्जात बुडालेल्या माणसाला एकदम श्रीमंत करणारी युक्ती हवीशी वाटते, त्यातला तो प्रकार.

रोख्यांची मुदत भरत आली. पैसे कुठून द्यायचे? रेल्वे मंत्रालय कंपनीला कर्ज देत गेलं. म्हणजे १९९० मध्ये जो बोजा मंत्रालयाच्या वहीबाहेर ठेवला होता, तो फेरी मारून त्याच दारात आला, वाटेत व्याज चढवून. पुढे या कर्जाचं रूपांतर अग्रहक्क भागांत (प्रेफरन्स शेअर्समध्ये) करण्यात आलं. रक्कम चार हजार कोटींहून अधिक. म्हणजे मार्ग बांधायला लागली त्याहून मोठी. हे भाग असे, की नफा झाला तर लाभांश, नाही झाला तर नाही, आणि राहिलेला पुढच्या वर्षी मागायचाही नाही. बँकेच्या भाषेत याला पुनर्रचना म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, "जाऊ दे, भावाकडेच तर आहेत." कंपनीच्या नफा-तोट्याच्या पत्रकात व्याजाचा रकाना एकदम हलका झाला. पैसे मात्र कोणीतरी दिलेलेच होते, आणि तो कोणीतरी देशाचा करदाता होता.

मग आठ वर्षं, दहा वर्षं, तूट कमी दिसली त्याचं काय? दिसली. तेवढंच.

ज्याला नाही म्हणता येत नाही तो

आता त्या ८० किलोमीटरकडे परत येऊ. मार्ग अवघड, कर्ज मोठं, म्हणून कोकण रेल्वेवर प्रवासी भाडं काढताना अंतर ४० टक्क्यांनी आणि मालासाठी ५० टक्क्यांनी वाढवून धरायचं ठरलं. ७४० किलोमीटरचे १०३६ झाले. यात गैर काही नाही, डोंगरी मार्गांवर ही पद्धत इतरत्रही आहे. पण तिचं स्वरूप नीट बघा. दर वाढवला असता तर पेपरात आलं असतं, मोर्चा निघाला असता. अंतर वाढवलं तर तिकिटावर एक आकडा तेवढा छापला जातो, आणि गावाला जायच्या घाईत किलोमीटर कोण वाचतो? घाटावरून कोल्हापूरला जाणारा आणि तळातून कणकवलीला जाणारा एकाच देशाच्या रेल्वेत एकाच वर्गाने बसतात, पण दुसऱ्याच्या तिकिटात १९९० च्या तुटीचा हप्ता आहे.

त्याला दुसरा पर्याय असता तर त्याने तो घेतला असता. गणपतीत जाणाऱ्याला नसतो. बोटी केव्हाच बंद झाल्या, महामार्गाची कथा वर आलीच. आगाऊ आरक्षण उघडतं त्या सकाळी दोन-चार मिनिटांत कोकणकन्या आणि तुतारी भरून जातात, मग दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरमध्ये माणसं सामानाच्या फळीवर झोपून येतात. खर्च आवरताना सरकारला असा माणूस सापडला की फार बरं वाटतं.

दुसरा हप्ता डोंगराने वसूल केला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये महाड-खेड पट्ट्यात मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळेच पुलावरून कोसळली. त्यानंतर कापलेल्या डोंगरांचे उतार सौम्य करणं, जाळ्या ठोकणं, वरच्या पाण्याला वाट काढून देणं ही कामं मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आणि कमी वेग पक्का झाला. हा सगळा खर्च १९९० च्या अंदाजपत्रकात धरला असता तर प्रकल्प इतका महाग दिसला असता की कदाचित मंजूरच झाला नसता. पण मंजुरीच्या कागदावरून तो पुसला म्हणून डोंगर काही खाली यायचा राहिला नाही.

माझा एक चुलतमामा त्या भागात रुळांवर गस्त घालायचा. भर पावसात, रात्री, डोक्यावर घोंगतं, हातात बत्ती, खांद्याला फटाक्यांची पेटी. दरड दिसली तर रुळावर फटाके बांधायचे, गाडीच्या चाकाखाली ते फुटले की चालक ब्रेक मारतो. चार-पाच किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. एकदा मी त्यांना विचारलं, रोज रोज काही पडत तर नाही, मग एवढी माणसं कशाला लागतात? त्यांनी घोंगतं झटकलं आणि म्हणाले, "दगड काय सांगान येता?" पावसाळ्यातल्या शंभर रात्रींचा पगार कागदावर वायफळ दिसतो. खर्च कपातीच्या फायली अशाच ओळींवर लाल रेघ मारत असतात, कारण देखभालीला कोनशिला नसते, उद्घाटनाला कोणी येत नाही आणि न झालेला अपघात कुठल्याही तक्त्यात मोजता येत नाही. सुदैवाने या मार्गाने पावसाळी गस्तीवर रेघ मारलेली नाही. मामांच्या गुडघ्यांनी मात्र सेवानिवृत्तीच्या आधीच राजीनामा दिला.

तिसरा हप्ता सर्वांत शांतपणे गेला. वेगळी कंपनी असल्यामुळे कोकण रेल्वेला रेल्वेच्या इतर विभागांसारखा अर्थसंकल्पातून हक्काचा वाटा नाही. देशात पैसा वाहू लागला, दुहेरी, तिहेरी मार्ग झाले, स्थानकं चकाचक झाली. आपला मार्ग रोहा ते वीर एवढे ४६-४७ किलोमीटर सोडले तर अजून एकेरीच आहे. ते दुहेरीकरणही २०२१ मध्ये पूर्ण झालं. म्हणून आपली गाडी कुठल्यातरी निर्मनुष्य स्थानकात पंचवीस मिनिटं उभी राहते, समोरून राजधानी निघून जाते, आणि खिडकीतला माणूस "क्रॉसिंग आहे" एवढं म्हणून पुन्हा शेंगा सोलायला लागतो. सावंतवाडी टर्मिनससारखी कामं रेंगाळतात. १९९० मध्ये वहीबाहेर बसवलेला पोरगा पुढे वाटणीच्या वेळीही वहीबाहेरच राहिला.

सगळंच उणं नाही. २०१५ मध्ये हाती घेतलेलं पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण १,२८७ कोटींत २०२२ मध्ये पूर्ण झालं. डिझेलचा खर्च त्यामुळे कायमचा घटला. खर्च करून केलेली ही बचत. माझ्या मते काटकसर म्हणायची ती हिला. खर्च न करता केलेली बचत पुष्कळदा फक्त पुढे ढकललेली असते.

कोकणाबाहेर

ही युक्ती एकट्या कोकण रेल्वेची नव्हती. भारतीय रेल्वे वित्त महामंडळ १९८६ पासूनच बाजारातून पैसा उचलून रेल्वेला डबे-इंजिनं पुरवत होतं. आपल्या राज्याने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ काढून रोख्यांवर धरणं बांधायला घेतली, वर्षभराने कोकण पाटबंधारे विकास महामंडळ आलं. तिथे गाडीसारखं भाडंही नव्हतं, पाणीपट्टीतून रोखे फिटतील असं कोणाला मनातून वाटलं असेल असं मला वाटत नाही. २००३ मध्ये केंद्राने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, तुटीवर मर्यादा घातली, आणि मर्यादा आली तशी वहीबाहेर जायची ओढ वाढली. महालेखापरीक्षकांनी यावर वेळोवेळी बोट ठेवलं. अलीकडे गाडी उलटी फिरली आहे. अन्न महामंडळाच्या नावावर काढायचं कर्ज केंद्राने २०२१ च्या अर्थसंकल्पापासून स्वतःच्या वहीत घेतलं, त्या वर्षी तूट फुगलेली दिसली, आणि माझ्या मते तो गेल्या अनेक वर्षांतला सर्वांत प्रामाणिक आकडा होता. २०२२ पासून राज्यांच्या महामंडळांची अशी कर्जंही, ती राज्याच्या पैशातून फेडायची असतील तर, राज्याच्या कर्जमर्यादेत धरली जातात.

कोकण रेल्वेही परतीच्या वाटेला आहे. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच राजी होते, २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. देताना दोन गोष्टी मागितल्या. 'कोकण रेल्वे' हे नाव राहावं, आणि राज्याने आजवर घातलेले जवळपास चारशे कोटी परत मिळावेत. मूळचे १७६, नंतर वेळोवेळी घातलेले बाकीचे. इतकी वर्षं त्या भांडवलावर राज्याला काय मिळालं, तर गाडी मिळाली. व्याज मागितलेलं नाही, हे सासुरवाडीला शोभेल असंच झालं.

वर्गातला वाद

प्रकरण इथवर आलं की मी गप्प बसतो आणि मुलांना भांडू देतो. दरवर्षी दोन तट पडतात. लांज्याचा एक मुलगा गेल्या वर्षी उठून म्हणाला, "सर, तुम्ही एवढं सगळं वाईट सांगताय, पण रेल्वे नसती आली तर माझी आजी टाटा हॉस्पिटलला पोचली नसती. एस.टी.ने चौदा तास बसवलं असतं काय तिला?" त्याचं बरोबर आहे. १९९० मध्ये कोणी तूट काटेकोर पाळली असती तर आपण अजून रोह्याच्या पुढे रूळ कधी येणार याची निवेदनं देत बसलो असतो. युक्तीवर माझा राग नाही. ती युक्ती आहे हे नंतर सगळे विसरले, त्यावर आहे. कर्ज परत मंत्रालयाकडे आलं त्या दिवशीच मार्गही परत यायला हवा होता आणि ४० टक्क्यांचा जादा भारही उतरायला हवा होता. कर्जाचं रूप बदललं, व्याज गेलं, भार तसाच राहिला. कारण तो काढला तर कंपनीचं उत्पन्न घटेल, आणि त्याच्यावर मोर्चा कोणीच काढत नव्हतं.

दुसऱ्या तटाची मुलं म्हणतात, मग रस्त्यावरच्या टोलचं काय, धरणाचं काय, सगळंच करातून करायचं तर कर वाढवा. हेही बरोबर आहे. चर्चा तास संपला तरी संपत नाही, शिपाई दारात येऊन उभा राहतो.

परीक्षेत मी एकच प्रश्न घालतो : कोकण रेल्वेला पैसा कोणी पुरवला, रकान्यांत मांडा. बहुतेक जण पाच भागधारक टक्क्यांसह लिहितात, खाली रोखेधारक, हुशार असतील ते मंत्रालयाचे अग्रहक्क भागही. या खेपेस एका मुलीने सगळ्यात शेवटी आणखी एक ओळ घातली होती. नावाच्या रकान्यात 'प्रवासी', रकमेच्या रकान्यात 'रत्नागिरीपर्यंत ८० किमी', आणि परतफेडीची तारीख म्हणून एक आडवी रेघ. मी तिला पूर्ण गुण दिले.